कोपर वर, टाच खाली

बारामती-इंदापूरकडचा तालमीत तयार झालेला गडी जिममध्ये फ्रंट स्क्वाट, म्हणजे बार खांद्यांवर समोर घेऊन बैठक, करत असेल, तर त्याला बाजूने बघावं. पहिली खूण पायाशी सापडते. तालमीतली बैठक टाच उचलून, चवड्यांवर, हातांच्या झोकात मारायची. इथे टाच सुटली की भार बोटांवर जातो आणि बार पुढे ओढू लागतो. गंमत म्हणजे त्याच्याच शिवारात बायका अख्खं पाऊल टेकवून, उकिडव्या बसून तासन्‌तास खुरपतात. घोट्याची ती मोकळीक अंगात आली की बुड दोन टाचांच्या मध्ये सरळ उतरतं, गुडघे पावलांच्या रोखाने उघडतात. ती उतरण मोठी देखणी.

खरी कारागिरी मात्र वर आहे. हा बार मुठीत आवळायचा नसतोच. खांद्यांच्या पुढच्या गोलाईवर, जवळजवळ गळ्याला लागून तो विसावतो; बोटांची टोकं खालून नुसती लागलेली. कोपरं समोर रोखलेली. ती पडली की पाठीचा वरचा भाग वाकतो आणि बार घरंगळतो. पाठीवर बार घेतला तर थोडं पुढे झुकून वेळ मारून नेता येते. इथे ती सोय नाही. म्हणून तर यात वजन कमी पेलतं. वर येताना मांडी समांतर रेषेच्या जरा वर पोचते, तिथे बार क्षणभर अडतो. कच्चा गडी तिथे बुड आधी उचलतो. मुरलेला गडी कोपर आणखी वर नेतो, छाती उभी राहते, आणि मग मांडीचा जोर थेट बारला लागतो. वरच भरून घेतलेला श्वास तो ही जागा ओलांडल्यावरच सोडतो. काय संयम!

सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, 55 किलो गटात, क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलले. त्यातली खांद्यावर बार झेलून खालून उठण्याची क्रिया म्हणजे फ्रंट स्क्वाटच. स्नॅच या दुसऱ्या प्रकारासह त्याची एकूण बेरीज 248 किलो; सुवर्ण 249 ला गेलं.

फ्रंट स्क्वाटला मनगट वळत नसेल तर बारला पट्टे अडकवून ते धरावेत. हातांची फुली करून बार धरण्याची पद्धत मला रुचत नाही. त्यात एक खांदा बहुधा वर राहतो.