‘मातेचा आहार’ : एका संज्ञेची चिकित्सा

गाभण डुकरिणीस उत्तम आहार दिला की पिल्ले सुदृढ निपजतात, ही भूमिका वराहपालनविषयक मराठी मार्गदर्शनपर लेखनात बहुधा गृहीत धरलेली असते. ती असत्य नव्हे. अपुरी आहे, आणि हा अपुरेपणा संज्ञेतूनच उद्भवतो. ‘आहार’ हा एकच शब्द तीन भिन्न मार्गांवर पांघरूण घालतो. पशुपालकांच्या बोलीत या मार्गांना स्वतंत्र नावे आहेत : वार, चीक आणि दूध.

डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते. ऊर्जा व प्रथिने गर्भास वारेतून मिळतात. गर्भाच्या वजनातील बरीचशी वाढ अखेरच्या तृतीयांशात होत असल्याने त्या काळातील उपासमार पिल्लांचे जन्मवजन घटविते. मात्र अतिखाद्यही हितकर नाही; लठ्ठ झालेली डुकरीण व्यायल्यावर कमी खाते.

रोगप्रतिकारक प्रतिपिंडांची गोष्ट निराळी. मानवी वारेतून ती गर्भापर्यंत पोहोचतात. डुकराच्या वारेतून जवळजवळ नाहीत. पिल्लास ती चिकातूनच घ्यावी लागतात, आणि सुमारे २४ तासांनंतर त्याचे आतडे ती शोषू शकत नाही.

लोहाच्या बाबतीत तर तिन्ही मार्ग अपुरे ठरतात. पिल्लू जन्मतः सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येते. त्याची दैनंदिन गरज सुमारे ७ मिलिग्रॅमची, आणि दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. डुकरिणीस अधिक लोह चारूनही ही तूट भरून निघत नाही. मोकळ्या जागी माती उकरणाऱ्या पिल्लास थोडे लोह मातीतून लाभते. सिमेंटच्या जमिनीवर तेही नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते.

मातेस मिळाले ते गर्भास मिळाले, ही समजूत मानवी व्यवहारातून आलेली दिसते. गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हणणाऱ्या सुश्रुतसंहितेत आणि आजच्या ‘डोहाळे’ या शब्दामागेही तीच कल्पना आहे. परंतु मानवाच्या बाबतीतही ती सरधोपट लागू पडत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात अर्भकाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा संबंध एकूण उष्मांकांशी नव्हे, तर दूध, फळे व हिरव्या पालेभाज्यांच्या सेवनाशी आढळला.

तेव्हा हा प्रश्न केवळ शब्दशुद्धीचा नाही. अलोरे येथील एखाद्या वराहपालकाने ‘आहार’ या शब्दावर विसंबून कोंडा वाढविला आणि पिल्लास वेळेवर चीक पाजला नाही, तर त्या संज्ञेची किंमत पिल्लू मोजील. शास्त्रीय मराठीने नवी परिभाषा घडविण्यापूर्वी गोठ्यातील ही परिभाषा वापरावी. जो भेद शास्त्राला अभिप्रेत आहे, तो तिने आधीच केलेला आहे.