भूत मराठी बोलते तेव्हा

सांबऱ्यास राहणाऱ्या एका निवृत्त माणसाने ‘रागिणी एमएमएस’ या चित्रपटावर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आमच्या पुतण्याची महाविद्यालयात शिकणारी मुले रात्री हा भयपट पाहत बसली होती. आतल्या खोलीत आमच्या कानी एका बाईचा आवाज आला. आपण चेटकीण नाही, असे ती मराठीत सांगत होती. हिंदी चित्रपटात मराठी! वर्तमानपत्र बाजूस ठेवून आम्हीही जाऊन बसलो, आणि दुसऱ्या दिवशी चित्रपट आरंभापासून पाहिला.

पवन कृपलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मे २०११ मध्ये प्रदर्शित झाला. उदय आणि रागिणी हे प्रेमी युगुल मुंबईबाहेरच्या एकाकी घरात सुट्टीसाठी जाते. घरात जागोजागी कॅमेरे दडवलेले आहेत. रागिणीस न कळता तिचे चित्रण करावयाचे, हा उदयचा बेत. खेळ म्हणून तो तिला पलंगास बेड्यांनी जखडतो. पुढे त्या घरातील मृत स्त्रीचा कोप सुरू होतो आणि रक्तपात घडतो.

या जातीच्या चित्रपटांत कॅमेरा नवा नव्हे. मायकेल पॉवेल यांच्या १९६० मधील ‘पीपिंग टॉम’मध्ये खुनी हाच कॅमेरावाला असून तिकाटण्याच्या पायातील पाते हे त्याचे शस्त्र आहे. २००७ च्या ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’चे ऋण तर कृपलानींच्या प्रत्येक चौकटीत दिसते. मात्र तेथे घरातला कॅमेरा भूत शोधण्यासाठी लावलेला असतो. येथे तो बाईला फसविण्यासाठी आहे. हा बदल लहान नव्हे. भूत येण्यापूर्वीच घरात एक गुन्हा चालू आहे आणि तो करणारा मनुष्य हसतमुख, लाघवी आहे. राजकुमार यादव (पुढे राजकुमार राव) यांनी हा उदय इतका साधा उभा केला आहे की, भुतापेक्षा त्याचीच धास्ती वाटावी. स्त्रीचे असे चोरून चित्रण करणे हा भारतीय दंड संहितेत ‘३५४ सी’ या कलमान्वये स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१३ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर दोन वर्षांनी. (माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ ई’ हे कलम आधीचे, पण त्याची व्याप्ती मर्यादित.) दिग्दर्शकाने येथे अचूक बोट ठेवले होते.

ते बोट त्यांनी पुढे उचलले, ही आमची तक्रार आहे. भूत येते आणि कॅमेऱ्याचा गुन्हा विसरला जातो. शिक्षेचे काम मृत स्त्रीवर सोपवून चित्रपट मोकळा होतो. आणि ही स्त्री कोण? तिला चेटकीण ठरवले गेले होते. आपली बाजू मांडणारी या कथेतील ती एकटीच. तिचे म्हणणे मात्र केवळ अंगावर काटा आणण्यापुरते वापरले आहे. हिंदी पडद्यावर मराठी बहुधा मोलकरणीच्या किंवा हवालदाराच्या तोंडी येत असे. आता ती भुताच्या तोंडी आली. प्रेक्षकाने घाबरावे, समजून घेण्याची गरज नाही, अशी ही योजना दिसते. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. कोणा बाईस चेटकीण म्हणणे ही नुसती कल्पित भीती असती, तर त्याची गरज पडली नसती.

सीमाभागातील वाचकांस हे अधिक बोलून दाखविण्याचे कारण नाही. तरी एक सांगणे भाग आहे. सेवाकाळात आमच्या मेजासमोर एक वृद्धा वारसा नोंदीचा अर्ज घेऊन आली होती. अर्ज मराठीत होता. नियमावर बोट ठेवून आम्ही तो कन्नडमधून लिहून आणावयास सांगितले. ती उभ्याउभ्या बराच वेळ बोलत राहिली. तिचा शब्द न् शब्द आम्हांस कळत होता. आमच्या घरची भाषा तीच. आम्ही मात्र मान खाली घालून पुढची फाईल उघडली. ती पुन्हा आली नाही.

चित्रपट संपल्यावर धाकट्याने विचारले, “आजोबा, चेटकीण म्हणजे काय?”