निसर्गाची किंमत : उत्तर कोणाचे, प्रश्न कोणाचा?

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर खनिज तेल समुद्रात पसरले. मच्छीमारांचे नुकसान रुपये-डॉलरमध्ये मोजता येते. पण मेलेल्या पक्ष्यांना बाजारभाव कुठला? मग लोकांनाच विचारण्याचा मार्ग निघाला : असा अपघात टाळण्यासाठी तुमचे कुटुंब किती पैसे देईल?

अलास्का राज्यासाठी झालेल्या पाहणीत १,०४३ मुलाखती घेतल्या गेल्या. उत्तरांचा मध्यक सुमारे ३१ डॉलर आला. त्याला देशातील सुमारे ९ कोटी इंग्रजीभाषक कुटुंबांनी गुणून नुकसान ठरले २८० कोटी डॉलर! गुणाकार बरोबर आहे. प्रश्न त्या ३१ चा आहे.

एक्झॉनच्या पैशातून झालेली दुसरी एक पाहणी पाहा. तेलाच्या उघड्या तळ्यांत मरणारे पक्षी वाचवण्यासाठी काय द्याल, असे तीन गटांना विचारले. पहिल्या गटाला पक्ष्यांची संख्या सांगितली २,०००, दुसऱ्याला २०,००० आणि तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरे आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जवळजवळ तीच. एक किलोला आणि शंभर किलोला काटा एकाच जागी थांबत असेल, तर त्याला तराजू कसे म्हणावे? लोक बहुधा किंमत सांगत नव्हते, सत्कार्याला वर्गणी देत होते.

परंतु याच पाहणीत मरणारे पक्षी एकूण पक्ष्यांच्या किती टक्के, हेही सांगितले होते. पहिल्या दोन्ही गटांना एक टक्क्याहून कमी, तिसऱ्याला सुमारे दोन टक्के. मग उत्तरे सारखी आली यात दोष लोकांचा की प्रश्नाचा?

१९९३ मध्ये केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो या नोबेल-विजेत्या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने नियम सुचवले : समक्ष मुलाखत घ्या, प्रश्न मतदानासारखा 'हो-नाही' असा ठेवा, खर्च केल्यास घरात तेवढे पैसे कमी उरतील याची आठवण द्या. नियम चांगले आहेत. पण 'किती द्याल' याचे उत्तर खिशावर अवलंबून असते. जंगलावर जगणारा गरीब माणूस थोडेच देऊ शकेल. म्हणून जंगल त्याला कमी मोलाचे ठरत नाही. हा दोष नियमांनी जात नाही.

वर्गात हे करून पाहावे. अर्ध्या मुलांना एका तळ्यासाठी, अर्ध्यांना तालुक्यातील सर्व तळ्यांसाठी वर्गणी विचारा. आकडे फळ्यावर लिहा, आणि मग मुलांनाच विचारा : आपण नेमके काय मोजले?