डॉ. स्टॉकमनचे बाळपण

गैरप्रकारांना वाचा फोडणाऱ्या मनुष्याचे रहस्य त्याच्या बाळपणात शोधण्याची प्रथा पडली आहे. इब्सेनचे ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) पुन्हा वाचताना आम्हांस ती अपुरी वाटली. स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे सांगणारा डॉ. स्टॉकमन व ते दडपू पाहणारा नगराध्यक्ष हे सख्खे भाऊ! सत्यजित राय यांनीही ‘गणशत्रू’त (१९८९) हे नाते राखले. डॉक्टर काही साधुपुरुष नव्हे. खाण्यापिण्याचा शौकीन, बडबड्या, सत्कार नको म्हणताना मनातून सुखावणारा. तरी उत्तरेत हलाखीची वर्षे काढल्यावर हाती आलेली नोकरी तो पणास लावतो. त्याचे बाळपण नाटककार सांगतच नाही. अखेरीस मात्र स्वतःच्या मुलांसाठी व रस्त्यावरच्या पोरांसाठी शाळा काढण्याचा ध्यास त्याला लावतो. त्या शाळेतून एखादा नगराध्यक्ष निघालाच नसता काय?