जुन्या मालिका, उमरखेडच्या नजरेतून

जुन्या मराठी मालिकांचे भाग मोबाइलवर पुन्हा बघताना 'तेव्हाचं किती चांगलं होतं' हे वाक्य हमखास तोंडी येतं. ते पारखून घ्यायला उमरखेड बरं. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा, आणि मालिकांमधली मुंबई-पुण्याची घरं दोन्हीकडून सारखीच लांब.

आधी जमेची बाजू. दूरदर्शनवरच्या 'दामिनी'त प्रतीक्षा लोणकर पत्रकार होती. 1999 मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या 'आभाळमाया'त सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापिका होती. 2003 मध्ये सुरू झालेल्या 'वादळवाट'मध्ये अदिती सारंगधरची रमा चौधरी वकील होती. या बायकांचं काम नावापुरतं नव्हतं, कथा त्यातून पुढे सरकायची. नवऱ्याचं बाहेरचं नातं हा आजही मालिकांचा हुकमी एक्का आहे. पण सुधाला त्यावर कटकारस्थानं रचावी लागत नाहीत. तिच्याकडे नोकरी आहे, मुली आहेत आणि स्वतःचं मत आहे. विनय आपटेंच्या दिग्दर्शनाखालचे सुरुवातीचे भाग बघा. एक जण बोलतो आणि कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो. आज तोच क्षण आला की ढणढणतं पार्श्वसंगीत सुरू होतं आणि घरातल्या झाडून सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात.

आता दुसरी बाजू. पाणी घालून कथा वाढवण्याचा रोग आजचा नाही. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या अभिनयाने तिला तोलून धरलं, पण एवढी लांबी पेलणारी कथा कुणाकडेच नसते. तेव्हा हे फारसं खुपलं नाही, याला एक कारण भारनियमनही होतं. ऐन मालिकेच्या वेळी लाइट जायची. दुसऱ्या दिवशी 'काल काय झालं वं?' असं शेजारणीला विचारलं की दोन वाक्यांत भाग कळायचा. त्यामुळे तीच गोष्ट तीनदा सांगणारे संवाद चुकलेल्या प्रेक्षकाच्या कामी यायचे. आज दहा भाग सलग लावले की तेच संवाद डोक्यात जातात.

आणखी एक उणीव उमरखेडहून चटकन दिसते. 'आभाळमाया', 'अवंतिका', 'वादळवाट' या मालिकांत वऱ्हाडी बोलीला जागा नव्हती, आणि इतरत्र ती आली तरी बहुधा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कने ऑक्टोबर 2015 पासून ग्रामीण प्रेक्षकांचे आकडे द्यायला सुरुवात केली. उमरखेडच्या आसपासच्या ढाणकी, विडूळ, पोफाळीसारख्या गावांतला प्रेक्षक तेव्हा कुठे हिशेबात आला. पुढच्याच वर्षी 'माझ्या नवऱ्याची बायको'तली नागपूरकडची राधिका आणि 'तुझ्यात जीव रंगला'तलं कोल्हापूर आलं, 2017 मध्ये 'लागिरं झालं जी'मधला सातारा. हा निव्वळ योगायोग म्हणणं अवघड आहे. बोली नायिकेच्या तोंडी आली, ही नव्या मालिकांची खरी कमाई. मात्र राधिकेच्या बोलीतला गोडवा लवकरच ठरावीक लकबींवर आला आणि तिचा संसारही सवतीच्या डावपेचांत अडकला. म्हणजे भाषा गावाकडे आली, गोष्ट मात्र होती तिथेच राहिली. कापसाचा भाव, कारखान्याचं थकलेलं बिल, नांदेडला शिकायला गेलेली पोरगी यांतून उभी राहणारी रोजची मालिका अजूनही दुर्मीळच.

तेव्हा जुन्या मालिका जरूर बघाव्यात, पण पहिले शंभरेक भाग. लेखक-दिग्दर्शकांची पकड तिथे घट्ट आहे. पुढचं बरंचसं टीआरपीने लिहिलेलं आहे, आणि त्या बाबतीत कालच्या आणि आजच्या मालिकांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.