अधिक्षेपातील तिसरा

विनोदी अधिक्षेपाचे मोल मराठीत बहुधा त्याच्या धारेवरून ठरविले जाते. घाव किती खोल, बळी किती मोठा, एवढेच पाहिले जाते. ही कसोटी शिवीलाही लावता येते, आणि तेथेच तिचा अपुरेपणा उघड होतो.

दंडीने व्याजस्तुती निंदेच्या मिषाने केलेल्या स्तुतीपुरती मर्यादित ठेवली. मम्मटाने उलट दिशाही स्वीकारली. स्तुतीच्या मिषाने होणाऱ्या या निंदेत अपशब्द वक्त्याच्या तोंडी नसतोच; तो ऐकणाऱ्याला मनात पुरवावा लागतो. विनोदावरील १९०५च्या ग्रंथात फ्रॉइडने बोलणारा आणि लक्ष्य यांच्याखेरीज हसणारा तिसरा आवश्यक मानला, तोही येथे उपयोगी पडतो. अधिक्षेपाची कला या तिसऱ्याला भागीदार करण्यात आहे.

शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’मधील (१८९८पासून) वक्रोक्ती म्हणजे कायद्यापासूनचे कवच, असे सरसकट म्हटले जाते. कवच असेलच, तर १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात ते उपयोगी पडले नाही. तिचे खरे कार्य वाचकाकडे पाहिल्यावर कळते. परकीय सत्तेचे गोडवे गंभीर चेहऱ्याने गायिले जातात; त्यांचा अर्थ उलटविण्याचे काम वाचक करतो आणि त्या निंदेचा सहकर्ता होतो. अशा लेखनावर खटला भरणाऱ्या सरकारची स्थिती तर मौजेची होते : स्तुतीखालील निंदा त्यालाच उलगडून दाखवावी लागते. अपमानाचे शब्द अखेर अपमानिताच्याच वकिलाला उच्चारावे लागतात.

१९५६मध्ये सुरू झालेल्या ‘मराठा’तील अत्र्यांचा अधिक्षेप मात्र सारे स्वतःच बोलून टाकतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला त्या आवेशाची गरज होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे वाचक कुस्तीच्या फडातला प्रेक्षक असतो. तो टाळ्या वाजवितो, डाव त्याला खेळावा लागत नाही. अत्र्यांच्या उपहासाचे शिखर ‘मराठा’त शोधणाऱ्यांनी ‘केशवकुमारां’कडे पुन्हा वळावे. ‘झेंडूची फुले’मध्ये तत्कालीन कवींची लकबच त्यांच्यावर उलटते, आणि ती ओळखण्याचे काम वाचकावर सोपविलेले असते. मूळ कविता न वाचलेला आजचा विद्यार्थीही हे विडंबन वाचून हसतो. मात्र ते हसू निव्वळ शब्दगमतीचे असते. ज्याचा अधिक्षेप झाला, तो कवी त्याच्यापुरता केव्हाच सुटलेला असतो.