नामवाक्याचे लिंगवचन : एका रूढ नियमाची तपासणी

१

मराठीच्या रूढ व्याकरणात प्रयोगविचार कर्ता आणि कर्म या दोन पदांभोवती फिरतो. क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनपुरुषांना अनुसरले तर कर्तरी, कर्माच्या लिंगवचनांना अनुसरले तर कर्मणी, आणि दोहोंपैकी कोणालाही न अनुसरता नपुंसकलिंगी एकवचनात राहिले तर भावे, अशी ही त्रिविध व्यवस्था आहे. दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (१८३६) मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत (१९११) आणि त्यानंतरही प्रयोगांच्या लक्षणांविषयी व संख्येविषयी पुष्कळ मतभेद झाले. परंतु ती सारी चर्चा मुख्यतः कर्त्याच्या जागी नाम किंवा सर्वनाम आहे असे गृहीत धरून झाली. कर्त्याच्या जागी अख्खे वाक्य आले म्हणजे काय होते, हा प्रश्न मात्र वाक्यपृथक्करणाच्या प्रकरणात जाऊन पडला आणि तेथे त्याचे उत्तर एका ओळीत उरकले गेले.

ते उत्तर असे : 'तो आला हे बरे झाले' यात 'तो आला' हे नामवाक्य आहे, नामवाक्य नामाचे कार्य करते, म्हणून ते कर्ता होय, आणि असा कर्ता नपुंसकलिंगी एकवचनी समजावा. 'झाले' हे रूप त्याचीच साक्ष देते, असे वर्गात सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी करावयाची आहे. नामवाक्याला स्वतःचे लिंग नाही आणि वचनही नाही. नपुंसकलिंगी एकवचनाचे जे रूप दिसते ते सुसंवादाचे नसून सुसंवादाला आधार न मिळाल्याचे चिन्ह आहे, असे या तपासणीतून निष्पन्न होते.

पुराव्याविषयी प्रथम एक सावधगिरी आवश्यक आहे. 'ती दिसते' आणि 'ते दिसते' यांत वर्तमानकाळी रूपभेद नाही. भविष्यकाळी 'दिसेल' या रूपात तर तिन्ही लिंगे एकरूप होतात. म्हणून 'असे वाटते', 'असे दिसेल' यांसारख्या उदाहरणांवरून लिंगाविषयी काही सिद्ध होत नाही. भूतकाळी क्रियापदे किंवा विकारी विशेषणे असलेली वाक्येच येथे प्रमाण मानावी लागतात.

२

पुढील तीन वाक्ये घ्यावीत : 'तो सभेला आला नाही हे बरे झाले'; 'तो सभेला आला नाही ही मोठी चूक झाली'; 'तो सभेला आला नाही हा त्याचा हट्ट होता'. नामवाक्य तिन्ही ठिकाणी एकच आहे. क्रियापद मात्र अनुक्रमे नपुंसकलिंगी, स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी झाले आहे. कर्ता नपुंसकलिंगी असता तर 'झाली' आणि 'होता' ही रूपे कशी सिद्ध झाली असती, असा आक्षेप येथे सहज सुचतो.

परंतु केवळ एवढ्यावर रूढ नियम खोडून काढणे न्याय्य होणार नाही. त्याच्या समर्थकाला असे दाखविता येईल की, निर्विवाद नामांच्या बाबतीतही हेच घडते. 'मुंबई हे मोठे शहर झाले', 'पुणे ही विद्येची नगरी झाली' या वाक्यांत मुंबई स्त्रीलिंगी आणि पुणे नपुंसकलिंगी असूनही मधले सर्वनाम व क्रियापद ही दोन्ही विधेयनामाच्या लिंगाकडे झुकली आहेत. उद्देश्य व विधेय यांची एकता दाखविणारे सर्वनाम दोहोंपैकी कोणाचेही लिंग घेऊ शकते, हे संस्कृत व्याकरणपरंपरेलाही ठाऊक होते. तेव्हा वरील तीन वाक्यांवरून एवढेच सिद्ध होते की, विधेयनामाचे आकर्षण प्रबळ आहे. उद्देश्याला स्वतःचे लिंग नाही, हे सिद्ध होत नाही.

निर्णायक पुरावा मिळतो तो मधले सर्वनाम काढून टाकल्यावर. 'त्याची गैरहजेरी मोठा अडथळा ठरली' या वाक्यात विधेयनाम पुल्लिंगी असूनही क्रियापद 'गैरहजेरी'ला अनुसरते. 'त्याचे मौन मोठा अडथळा ठरले' येथेही तसेच. आता कर्त्याच्या जागी नामवाक्य ठेवून पाहावे. 'तो आला नाही मोठा अडथळा ठरले' असे कोणताही मराठी भाषक म्हणणार नाही. 'तो आला नाही हे मोठा अडथळा ठरले' हेही कानाला सहन होत नाही. 'तो आला नाही हा मोठा अडथळा ठरला' एवढीच रचना शक्य आहे. नामाजवळ स्वतःचे लिंग असते. विधेयनाम भिन्नलिंगी असले तरी त्या बळावर ते क्रियापदाला आपल्याकडे ओढू शकते. नामवाक्याजवळ असे बळ नाही. म्हणून त्याला 'हा', 'ही', 'हे' यांपैकी एखाद्या सर्वनामाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि लिंग येते ते या सर्वनामातून.

येथेच आणखी एक गल्लत दूर करणे इष्ट आहे. 'त्याचे न येणे मोठा अडथळा ठरले' ही रचना शुद्ध आहे, हे वाक्य तर नामवाक्याच्याच अर्थाचे आहे, असे कोणी म्हणेल. अर्थ एक असला तरी जाती भिन्न आहेत. 'येणे' हे धातुसाधित नाम असून ते 'त्याचे' हे षष्ठ्यन्त पद आपल्या लिंगात घेते. ते खरोखरच नपुंसकलिंगी आहे. 'तो आला नाही' यात 'तो' प्रथमान्त आहे आणि आख्यात पूर्ण आहे. पाठ्यपुस्तके या दोहोंना 'नामाचे कार्य करणारे' अशा एकाच सदरात बसवितात. सुसंवादाच्या दृष्टीने ते सदर टिकत नाही.

३

लिंगाप्रमाणेच वचनाचीही परीक्षा करता येते. 'कोण आले, केव्हा आले आणि का आले हे कळले नाही' या वाक्यात तीन नामवाक्ये आहेत. तरी 'कळली नाहीत' असे कोणी म्हणत नाही. उलट 'त्यांची नावे, गावे आणि कारणे कळली नाहीत' येथे अनेकवचन अपरिहार्य आहे. तीन नामवाक्यांना अनेकवचन हवेच असेल तर 'या तीन गोष्टी कळल्या नाहीत' असे नाम आणावे लागते, आणि मग क्रियापदाचे अनेकवचन व स्त्रीलिंग ही दोन्ही त्या नामाची असतात. ज्याला अनेकवचन घेताच येत नाही, त्याला एकवचनी म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही.

यापुढे प्रश्न उरतो तो सर्वनाम नसलेल्या रचनांचा. 'बरे झाले, तू आलास'. 'मला वाटले की तू येणार नाहीस'. येथे 'झाले' आणि 'वाटले' ही रूपे कोणाला अनुसरतात? 'हे' किंवा 'असे' अध्याहृत मानले तरी प्रश्न एक पायरी मागे सरकतो : अध्याहृत पद नपुंसकलिंगी एकवचनीच का? मराठीत याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला तर 'काय पडले?' असे विचारले जाते. पडली असेल पाटी किंवा पडला असेल दगड. लिंगाचा निश्चय झालेला नसताना मराठी हेच रूप योजते. 'उजाडले', 'मला मळमळले' यांत लिंगवचन पुरविणारे पदच नाही. 'त्याने घरी जावे' यात कर्ता तृतीयान्त असल्याने तो ते पुरवू शकत नाही. या सर्व ठिकाणी रूप एकच आहे. त्याला 'तटस्थ रूप' म्हणता येईल. 'बरे झाले' मधील 'झाले' याच कुळातील आहे.

शेजारच्या भाषांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. कोंकणीत 'बरें जालें' आणि गुजरातीत 'सारुं थयुं' अशी नपुंसकलिंगी रूपे येतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही. तेथे 'अच्छा हुआ कि वह आया' असे पुल्लिंगी एकवचन येते. नामवाक्याला लिंग असते असे मानले, तर मराठीतील नामवाक्य नपुंसक आणि हिंदीतील पुल्लिंगी असे विचित्र विधान करावे लागेल. प्रत्येक भाषा आपापले तटस्थ रूप योजते असे म्हटले की ही विचित्रता नाहीशी होते.

४

रूढ नियमाचा दुसरा दोष त्याच्या व्याप्तीत आहे. तो कर्त्यापुरताच सांगितला जातो. परंतु मराठीत कर्मणी प्रयोग असल्यामुळे हाच प्रश्न कर्माच्या बाबतीतही उपस्थित होतो. 'आपण चुकलो हे त्याने मान्य केले' आणि 'आपण चुकलो ही गोष्ट त्याने मान्य केली' या जोडीत नामवाक्य कर्मस्थानी आहे, आणि वर पाहिलेली व्यवस्था जशीच्या तशी लागू पडते. 'तू आलास हे बरे झाले' आणि 'तू आलास हे बरे केलेस' यांची तुलनाही उद्बोधक आहे : पहिल्यात 'हे' कर्ता, दुसऱ्यात कर्म, रूपाचा नपुंसकलिंगी अंश दोन्हीकडे समान, आणि 'केलेस' मधील 'स' तेवढा 'तू' या अध्याहृत कर्त्याचा. म्हणजे नियम कर्त्याविषयीचा नसून क्रियापदाला लिंगवचन पुरविणाऱ्या पदाविषयीचा आहे.

या नियमाचा उगम ध्यानात घेतला म्हणजे त्याच्या उणिवांचे कारणही कळते. वाक्यपृथक्करणाची पद्धती मराठीत इंग्रजी शालेय व्याकरणाच्या अनुकरणाने आली. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. म्हणून वाक्य कर्ता असता क्रियापद एकवचनी ठेवावे, एवढे सांगून तेथे काम भागते. मराठीत लिंगाचा प्रश्न उरला, तेव्हा दिसणाऱ्या रूपावरून कर्त्याला लिंग चिकटविण्यात आले. रूपावरून लिंग ठरवावयाचे आणि त्या लिंगावरून पुन्हा रूप समजावून द्यावयाचे, हा अन्योन्याश्रय दोष होय. संस्कृत व इंग्रजी व्याकरणांच्या साच्यांविषयी अरविंद मंगरूळकर यांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' (१९६४) या ग्रंथात आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' (१९८७) या ग्रंथात जी चिकित्सक दृष्टी ठेवली, ती वाक्यपृथक्करणाच्या या कोपऱ्यालाही लावणे अगत्याचे आहे.

५

हा वाद केवळ परिभाषेचा नाही. 'सर्वांनी एकत्र यावे हे काळाची गरज आहे' असे वाक्य आज छापील मजकुरात वारंवार आढळते. नामवाक्य नपुंसकलिंगी असते असे शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यात चूक दिसणार नाही. किंबहुना नियमानुसार तेच शुद्ध ठरेल. वास्तविक सर्वनामाने येथे 'गरज' या विधेयनामाला अनुसरावयास हवे : 'ही काळाची गरज आहे'. उलट, 'तो तेथे गेला हे चूक झाले' या वाक्यातील 'हे' खोडून परीक्षक 'ही' करतो तेव्हा तो अन्याय करतो. 'हे उत्तर चूक आहे' यातल्याप्रमाणे 'चूक' येथे 'बरोबर'च्या विरुद्ध अर्थाचे विशेषण आहे. 'ही चूक झाली' यात ते नाम आहे. दोन्ही वाक्ये शुद्ध असून त्यांचे विधेय भिन्न आहे. 'मोठी' हे विशेषण लावून पाहिले की भेद तत्काळ कळतो : 'ही मोठी चूक झाली' म्हणता येते, 'हे मोठी चूक झाले' म्हणता येत नाही.

तेव्हा अध्यापनासाठी नियमाची मांडणी पुढीलप्रमाणे करणे श्रेयस्कर ठरेल. नामवाक्य कर्ता किंवा कर्म असताना विधेय नाम असेल, तर दर्शक सर्वनाम व क्रियापद त्या नामाच्या लिंगवचनांना अनुसरतात. नामवाक्याला 'गोष्ट', 'बाब' यांसारखे नाम जोडले असेल, तर त्या नामाला अनुसरतात. यांपैकी काहीच नसेल, तर तटस्थ रूप येते. 'असे कळले', 'असा समज झाला', 'अशी बातमी आली' या मालिकेतील 'असा' या पदाची व्यवस्थाही प्रथमदर्शनी याच धर्तीची दिसते. मात्र ते पद 'हा' प्रमाणे स्वतः कर्ता होते की नामाचे विशेषणच राहते, याचा निर्णय स्वतंत्र परीक्षणानंतरच करता येईल.